पॅनलमध्ये नारळाचं पाणी

"मॅडम, मशीन बंद पडलंय," प्रतीक्षा म्हणाली. जळकट वास मला दारातच आला होता.

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक, शेजारच्या लॅबमध्ये व्हायवा घेत होते. पुढचा नंबर आमचाच. संगमनेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते. या ग्रुपची गाइड मी, लीडर प्रतीक्षा. तिला पुण्यात नोकरी लागली होती, पण याच परीक्षेत पास झाली तरच. प्रोजेक्ट होतं कांद्याच्या ग्रेडिंगचं मशीन. रोलर फिरतात, बारका कांदा आधी खाली पडतो, मोठा पुढे जातो.

"काय केलंत?"

पारनेरचा अक्षय पुटपुटला, "डेमोआधी नारळ फोडला, मॅडम."

"कुठे?"

"फ्रेमवरच."

फ्रेमखालीच कंट्रोल पॅनल. मोटर चालवणारं कार्ड त्यात असतं. झाकणाच्या फटीतून पाणी थेट कार्डवर गेलं होतं. माझं डोकंच फिरलं. "अरे, खाली फरशी नव्हती का?"

"मोटर डायरेक्ट जोडतो की," अक्षय म्हणाला. "लई वेळ न्हाई लागायचा."

"आणि इमर्जन्सी स्टॉप?" मशीन जागच्या जागी थांबवणारं ते लाल बटण कार्डवरच चालत होतं. "कुणाची बोटं रोलरमध्ये गेली तर? खबरदार वायरला हात लावलास तर!"

"मॅडम, मग माझी नोकरी गेली," प्रतीक्षा म्हणाली. तरी मी हो म्हटलं नाही.

तेवढ्यात परीक्षक सर आलेच. प्रतीक्षाने काही न लपवता सांगितलं. फोडला कुणी, ते मात्र सांगितलं नाही. सर वाकून पॅनल बघत राहिले.

"हे मशीन चालणार कुठे?"

"कांदा चाळीजवळ, सर. शेतात."

"तिकडे पाऊस पडत नाही?"

पोरांनी माझ्याकडे बघितलं, मी पॅनलच्या फटीकडे.

"मार्क संध्याकाळी पोर्टलवर भरणार आहे. तोवर चालवून दाखवा, नाहीतर नापास."

दुसरं कार्ड आमच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये मिळालं. अक्षय पळत जाऊन पंपाच्या दुकानातून विहिरीवर बसवतात तसला स्टार्टरचा डबा घेऊन आला. पाणी आत जाऊ नये म्हणून त्याच्या दाराला रबरी पट्टी असते. प्रतीक्षाने कार्ड त्यात बसवून वायरिंग नव्याने केलं. एक स्क्रू तीनदा पडला. मी ओरडायचं टाळून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी सर आले. त्यांनी मेन स्विच बंद करायला लावला आणि हातातली बाटली सरळ डब्यावर उपडी केली.

"अहो सर!" मी किंचाळलेच.

त्यांनी दार उघडून आत बोट फिरवलं. कोरडं.

"करा चालू."

रोलर फिरले. पहिला कांदा टपकन खाली पडला. सरांनी स्वतः लाल बटण दाबलं. मशीन जागेवर थांबलं.

"पास."

प्रतीक्षा तिथेच खाली बसून हमसाहमशी रडली.

मार्क मात्र बरेच कापले होते. मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, पाणी मी का ओतायचं? ते तुमच्या टेस्टिंगच्या प्लॅनमध्येच हवं होतं."