टोकाच्या खांबाचा मुडदा

मूर्खपणा माणसानं एकट्यात करावा. मी केला तो सात पोरं जमवून, वर भाषण ठोकून, भर दुपारी. तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं पुढं मला तुमच्याकडं बघायची लाज वाटणार आहे.

नव्वदच्या पुढची सालं. मी वीस वर्षांचा. सांगलीला सिव्हिलच्या डिप्लोमाला होतो, तो दुसऱ्या वर्षात सोडून फलटणजवळच्या आमच्या गावी परत आलो होतो. का सोडला? तिथले एक सर पिवळ्या पडलेल्या वहीतून फळ्यावर उतरवायचे, आणि आम्ही फळ्यावरून आमच्या वहीत. एकदा मी उठून म्हणालो, सर, वहीच झेरॉक्सला द्या, सगळ्यांचाच वेळ वाचेल. त्यांनी मला बाहेर काढलं. मी बाहेरच राहिलो.

गावात आलो तर गाव म्हाताऱ्यांनी भरलेलं. सकाळी अंग दुखतंय म्हणून पारावर येऊन बसायचे, आणि संध्याकाळी बसून बसून अंग दुखतंय म्हणून उठायचे. मधल्या वेळात अक्कल वाटायची. कशालाही नारळ, कशालाही मुहूर्त. बोअर मारायची तर पाणी दाखवायला आधी पायाळू माणूस शोधायचे. मी तर तेव्हा अंधश्रद्धेवरची पुस्तकं ओळीनं वाचून काढलेली. राग अंगात भरलेला होताच, त्याला आता मुद्दे मिळाले.

आबानं, म्हणजे माझ्या बापानं, महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. मग एके दिवशी जेवता जेवता म्हणाला, "वढ्याकडचा एकर तुजा. डाळिंब लाव. जगलं तर तू शेतकरी. न्हाई जगलं तर गप सांगलीची यष्टी धरायची."

मी अडीचशे रोपं लावली. प्रत्येकाच्या बुडाला स्वतः पाणी घातलं. रोपाला पान फुटलं की मला वाटायचं, हे त्या सरांच्या तोंडावर फुटलं.

आता अडचण एकच. सुगी सरली की आमच्याकडं गावच्या शेळ्या मोकळ्या सुटतात. तीन बाजूंनी काटेरी घायपाताचं कुंपण होतं, पण वाटेकडची बाजू सताड उघडी. एक दुपार शेळ्या आत शिरल्या तर माझी शेती संपली आणि सांगली सुरू. म्हणजे तारेचं कुंपण हवं, आणि ते लगेच हवं.

मी कागदावर नकाशा काढला. खांब कुठं, सिमेंट किती, सगळं बाण दाखवून. आबानं तो घडी घालून खिशात टाकला आणि हवालदार तात्याला बोलावलं.

तात्या आमच्या भावकीतला. फौजेत अठरा वर्षं पूल बांधायचे नि तारा ओढायच्या, एवढंच काम करून आलेला. एका डोळ्यात मोतीबिंदू, अंगानं काडी, आणि तोंड असं की पारावरचे म्हातारेसुद्धा त्याला जागा करून द्यायचे. माझा नकाशा त्यानं उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाला, "चित्र झ्याक हाय." बस. शिमिटाचं नाव काढलं तर म्हणाला, मुरमात शिमिट कशाला, हात मोडल्यात का?

मला तो आवडायचं काही कारण नव्हतं. पण खोटं कशाला बोलू? त्याचं काम बघताना माझा राग दोन दिवस रजेवर गेला.

बाभळीचे खांब. त्यांची बुडं आधी जाळावर काळी केलेली, वाळवी लागू नये म्हणून. खड्डा वर अरुंद, खाली रुंद. खांब उभा केला की बुडाला दगडांची पाचर, मग चार बोटं माती, आणि ती पहारीच्या जाड टोकानं ठोकायची. परत चार बोटं, परत ठोकायची. आम्ही पोरं काय करू? सगळी माती एकदम लोटू आणि वरून नाचू. तात्या आवाज ऐकायचा. आधी धप्प धप्प, मग टक्क टक्क. टक्क आलं की पुढचा थर. ओळंबा नाही, काही नाही, तो एक डोळा मिटून नुसता बघायचा. कुठला डोळा मिटायचा? चांगला. मी म्हटलं तात्या, आवं ह्या डोळ्यानं तुमाला दिसतंय का? म्हणाला, वाकडं तेवढं दिसतंय. खरंच एक खांब वाकडा निघाला नाही. मी दोरी लावून चोरून तपासलं होतं.

असा मी विरघळत चाललो होतो, आणि तिसऱ्या दिवशी सगळं फिसकटलं.

मी चहाची किटली घेऊन बांधावर चढत होतो. पलीकडं तात्या आणि आबा बोलत बसलेले.

तात्या म्हणत होता, "टोकाच्या खांबाला मुडदा पुराय लागतोय. त्याबगार ताण धरायचा न्हाई."

"किती खाली?" आबानं विचारलं. माझ्या जन्मदात्या बापानं, दाण्याचा भाव विचारावा तसं.

"चार फूट. आन आडवा. उभा पुरला तर वर येतोय."

"गावंल का पण?"

"वढ्यात पडल्यात की चिक्कार. चांगला अंगानं भरल्याला बगतो."

मी किटली घेऊन बांधाआडच थांबलो. म्हणजे पुस्तकात वाचलं होतं ते हेच. पुलाखाली बळी, बुरुजाखाली बळी. आता माझ्या डाळिंबाखाली बळी.

विचारायला काय झालं होतं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण वीस वर्षांच्या पोराला म्हाताऱ्याला विचारणं म्हणजे हरणं वाटतं. मी नुसता चहा दिला. त्यात आबानं मला तारेची भेंडोळी आणायला फलटणला पिटाळलं. मी समजलो, मला मुद्दाम लांब काढलं.

परत आलो तर दोन्ही टोकांच्या खांबांमागं ताजा बुजवलेला खड्डा. वर हळदकुंकू. फोडलेला नारळ. आणि खड्ड्यातून एक जाड तार निघून खांबाच्या डोक्याला बांधलेली.

"तात्या, काय पुरलं हितं?"

"मुडदा."

"कुणाचा?"

तात्यानं विडी पेटवली. "कुणाचा असायचा? वढ्यातला. दोगांनी उचलला तवा हलला."

दुसऱ्या दिवशी तारा ओढल्या. टिचकी मारली की वाजायच्या, इतक्या ताठ. गाव येऊन बघून गेलं. मी मात्र रम्याकडं गेलो. रम्या माझा दोस्त, गावातल्या आमच्या तरुण मंडळाचा खजिनदार. त्याला सगळं सांगितलं. मी धरून चाललो होतो की बोकड असेल. रम्या म्हणाला, बोकडाला दोन माणसं कशाला लागतील? आणि तात्या फौजेतला आहे, त्याला माणसाचंही काही वाटायचं नाही. एवढं बोलून तो स्वतःच गार पडला.

मग ठरलं. सगळ्यांच्या समोर उकरायचं आणि म्हाताऱ्यांचं ढोंग उघडं करायचं. मंडळाची सात पोरं गोळा केली. आबा नि तात्या घरी जेवायला गेल्यावर मी बांधावर उभं राहून भाषण केलं. विज्ञान म्हणालो, विसावं शतक म्हणालो, एकदा तर 'या अज्ञानाच्या काळोखात' असंही म्हणालो. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं.

मग खोऱ्या-टिकाव घेऊन एका टोकाचा खड्डा मीच उकरायला घेतला. भुसभुशीत माती नव्हती ती, तात्यानं थर थर ठोकलेली. तासभर उकरलं. आणि टिकावाला लागलं गोणपाट.

लांबट काहीतरी, गोणपाटात गुंडाळलेलं. त्यावर काळपट डाग. मधोमध तारेचे वेढे. रम्यानं वरून हळूच विचारलं, "डोस्कं कुठल्या अंगाला आसंल रं?"

मी म्हणालो, घाबरायचं काही कारण नाही, मेलेला माणूस काही करत नसतो. आणि त्याच्या पुढची माती ओढली.

आधी कुरकुर झाली. मग ते गोणपाट हललं. मग त्याचं एक टोक सावकाश उचललं गेलं आणि ते माझ्याकडं सरकलं.

"उठला रं, उठला!" कुणीतरी बोंबललं. तो मीच होतो. खड्ड्यातून मी कसा निघालो ते मला आजही माहीत नाही. सातही पोरं पळाली, पण त्यांच्या पुढं मी होतो. शेवटी मोर्चाचा पुढारी मीच ना.

मागं टण्ण टण्ण आवाज झाला. वळून बघतो तर टोकाचा खांब माझ्या शेताकडं नमस्कार घालत होता आणि सगळ्या तारा गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या. वाटेवरच्या शेळ्या थांबल्या. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग तारांकडं. आणि आत गेल्या.

मी दगड मारत, शिव्या देत, रडत उलटा पळालो. शेळ्या निघेपर्यंत अकरा रोपांचे नुसते खुंट राहिले. तेवढ्यात माझा आरडाओरडा ऐकून जेवून जरा आडवे झालेले तात्या आणि आबा धावत आले.

तात्यानं खड्ड्यात वाकून पाहिलं. गोणपाट बाजूला केलं. आत ओढ्यातला लांबोडा काळा धोंडा. तार त्याच्या धारेवर घासू नये म्हणून डांबर लावलेलं गोणपाट गुंडाळलेलं. तारा खांबाला शेताकडं ओढतात, आणि हा धोंडा जमिनीखालून त्याला मागं धरून ठेवतो. त्याच्या पुढची माती मी काढली, तसा तो ताणानं वर आला. एवढंच.

"आवं, मग मुडदा का म्हनता?" माझा आवाज बारीक झाला होता.

"आमचा सायब ह्या पुरल्याल्या धोंड्याला डेडमन म्हनायचा. मला कुठलं विंग्रजी? मुडदा म्हनतो." मग तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या कालेजात ह्ये न्हाई शिकवत व्हय?"

शिकवत असतील. तिसऱ्या वर्षाला.

आबानं खुंट मोजले आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "सांगलीची यष्टी कवा हाय?"

एकर गेला असं मी धरूनच चाललो. पण तात्या अजून माझ्या उकरलेल्या खड्ड्याच्या कडांवरून हात फिरवत होता.

"ऱ्हाऊ दे," तो आबाला म्हणाला. "कडा बग कशा उभ्या काढल्यात. हात हाय पोराला. डोस्कं येईल मागनं." मग माझ्याकडं वळला. "उतर. धोंडा मागं रेट आन त्याच्यावर बस. टाचा रोव. खांब सरळ होऊस्तवर उठायचं न्हाई."

मी बसलो. वर आबा खांब रेटत होता, आणि तात्या माझ्या दोन्ही अंगांनी चार बोटं माती घालून ठोकत होता. टक्क आल्याशिवाय पुढचा थर नाही. माती मांड्यांपर्यंत आली. मधून मधून मी विचारत होतो, आवं तात्या, बस झालं का, आता निघू का?

एवढ्यात पारावरचा शंकरआण्णा वाटेनं निघालेला. त्याला खड्ड्याच्या वर माझं फक्त डोकं दिसत होतं. तो थांबला.

"काय चाललंय रं तात्या?"

"मुडदा पुरतोय," तात्या पहार न थांबवता म्हणाला.

शंकरआण्णानं काठी टेकली, मला नीट न्याहाळून घेतलं. "ह्यो तर बोलतोय."

"व्हय. लय बोलतोय."

"मंग जरा खोल घे की," म्हातारा म्हणाला आणि चालू लागला.