आत्याच्या दगडावरची दुसरी ओळ

आत्या निवृत्त होणार म्हणून ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या विद्यार्थ्यांनी फाटकाशी तिच्या नावाचा दगड बसवायचं ठरवलं. कोरायचं काम अर्थातच तिच्या पाथरवट धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या बाबांकडे. विद्यार्थ्यांनी मजकूर पाठवला: ‘थोर, प्रेमळ, शांत स्वभावाच्या आदर्श शिक्षिका.’

आत्याने तो वाचला आणि क्लच न दाबता गिअर टाकल्यासारखा आवाज काढला.

“शांत? कोण ही बाई? तिलाच बोलवा समारंभाला. मी नाही येत!”

समारंभ त्याच संध्याकाळी. खुर्च्यासुद्धा मांडून झालेल्या.

मी नुकताच कॉलेजात चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकून आलो होतो, म्हणजे घरच्यांच्या भाषेत, चावत सुटलो होतो. “चरित्रात ‘चर्’ धातू आहे, आत्या. चर् म्हणजे चालणं. माणूस कसा चालला, कसा वागला, ते चरित्र. पूर्वी राजे आपले पराक्रम दगडावर कोरून घ्यायचे, तिथूनच...”

“ते राजे कधी हरले नाहीत का रे?” आत्याने विचारलं.

“दगडावर तरी नाही.”

“मग तुझे बाबा त्यांच्या काळात नव्हते,” ती म्हणाली.

बाबांचा नियम सगळ्या बाजाराला ठाऊक होता. कोणाच्याही दगडावर एक ओळ घरच्यांची आणि एक त्या माणसाशी न पटणाऱ्याची. गिऱ्हाईक भांडलं तरी नियम मोडायचा नाही. इतकी वर्षं मला हा विक्षिप्तपणा वाटायचा. त्या दिवशी मात्र मी उडालोच. राजाचं कौतुक आणि चरित्र यांत फरक असेल तर तो हाच की! दुसऱ्या कोणाला तरी जाऊन विचारायचं!

“बाबा, आत्याशी न पटणारं कोण?”

“रांग लावावी लागेल,” बाबा म्हणाले. “समोरच्या टायरवाल्यापासून सुरू कर.”

मी रस्ता ओलांडून पळालो. स्कूलची शिकाऊ गाडी दुकानाच्या शटरवर धडकल्यापासून टायरवाले आत्याशी बोलत नव्हते. ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. वर न बघता म्हणाले, “लिहा. हिने माझं शटर दोनदा तोडलं.”

“बस?”

बुडबुडे आले, गेले. “दोन्ही वेळा गाडी शिकाऊ पोरी चालवत होत्या. रडत होत्या. ही उतरली आणि म्हणाली, चूक माझी. हेही लिहा. नको म्हटलं तरी खरं आहे.”

धापा टाकत परत आलो. घरची ओळ आधीच कोरून झाली होती: ‘हिने अर्धं गाव रस्त्यावर आणलं.’ त्याखाली बाबांची छिन्नी नाचू लागली: ‘हिने समोरचं शटर दोनदा तोडलं आणि दोन्ही वेळा चूक आपल्या अंगावर घेतली.’

संध्याकाळी बाबांनी तिला तेवढंच कळवलं की मजकूर बदललाय. आत्या आली, पण घरी परत जायच्या तयारीनेच, पर्स काखेत मारून. दगडावरचं कापड तिनेच ओढलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

“हं,” ती म्हणाली, “ही मी.”

टाळ्या पडल्या. तिने हात वर करून त्या थांबवल्या. “पण दोनदा नाही. तीनदा.”

मागच्या खुर्चीवरून टायरवाले उठले. “तिसऱ्यांदा तो ट्रक होता! मी त्या ट्रकवाल्याशी वर्षभर भांडलोय!”

“तेव्हाही आम्हीच. रात्रीचं रिव्हर्स. तुम्ही ट्रकवाल्याचं नाव घेतलंत, मी गप्प बसले.”

“बाई!” टायरवाल्यांचा आवाज फाटला. “अंगावर घेतली म्हणे! खोडा! आत्ताच्या आत्ता खोडा ते!”

“दगडावर खोडता येत नाही,” बाबा खाली बसले आणि छिन्नीला धार लावू लागले. “खाली जागा आहे. बोला, काय लिहू?”