परत न दिलेली गाडी

पोलीस दलातली नोकरी सोडून मला दोन वर्षं झाली. निवृत्त म्हणावं असं माझं वय नाही. घरच्या कारणाने राजीनामा दिला. पण गणवेश उतरला तरी काही गोष्टी उतरत नाहीत, आणि त्यातली एक गाडी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पांढरी, सात माणसं बसतील अशी, बाहेरून अगदी नवी वाटणारी. या प्रकरणात रक्त नाही, पाठलाग नाही. तरी सहा वर्षांच्या सेवेतलं सगळ्यात अभिमानाने सांगावं असं काम विचाराल, तर मी हेच सांगेन. नावं मात्र कोणाचीच लिहीत नाही.

मी तेव्हा रत्नागिरीत उपनिरीक्षक होते. मे महिना होता, निम्मं पोलीस ठाणं पर्यटकांच्या बंदोबस्ताला गेलेलं. सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. त्या दिवशी तिथे आमचे सर्वांत जुने हवालदार बसले होते. संगमेश्वरकडचे, घरची भातशेती, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. मी त्यांना काका म्हणत असे. ते शिस्तीत बसत नव्हतं, पण त्यांनी कधी अडवलं नाही. त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला, कारण पलीकडच्या मुलीला बाई अधिकारीच हवी होती. तिने एका दमात सांगितलं, की मिरजोळ्याच्या बाजूला एका शेडमध्ये पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन, चांगल्या म्हणून विकल्या जातात. मी नाव विचारलं तसा फोन बंद झाला.

"एक तर मस्करी, नाय तर भाऊबंदकी," काका म्हणाले. "मॅडम, नोंद घेऊ की चहा मागवू?"

मी दोन्ही करायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले. पंचावन्नच्या आसपासचे, इस्त्रीचा सदरा, बसा म्हटलं तरी उभेच. राहायला मांडवीला. वीस वर्षं आखातात दुसऱ्याच्या गाड्या चालवून परत आलेले, आणि आता पर्यटकांना फिरवण्यासाठी आयुष्यातली पहिली स्वतःची गाडी घेतलेली. जुनीच, पण स्वतःची. त्यांना आपण चाचा म्हणू. ठाण्यात पुढे सगळे तेच म्हणत. त्यांचा प्रश्न एवढाच होता: तक्रार न करता गाडी परत देता येते का? मी म्हटलं, तो तुमचा आणि विकणाऱ्याचा मामला, त्यात पोलीस कशाला. ते लगेच वळले. तेवढ्यात मी विचारलं, गाडी घेतली कुठून. त्यांनी मिरजोळ्याची शेड सांगितली, आणि काकांनी हातातला कप खाली ठेवला.

आम्ही गाडी बघायला आवारात गेलो. चाचा सांगत होते, की हॉर्न आपोआप वाजतो, कडक उन्हात वायपर फिरतात आणि एसी लावला की आतून कुबट वास येतो.

"आमच्याकडची असती तर देवाला गाऱ्हाणं घातलं असतं, चाचा," काका म्हणाले.

"तुमचा गाऱ्हाणा, आमची फातिहा, दोन्ही करून बघितलं असतं, हवालदार. वायरिंगला दोन्ही ऐकू येत नाय."

मी मागच्या सीटचा पट्टा ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. रोजच्या वापरात हा शेवटचा भाग कधी बाहेर येत नाही, म्हणून धुणाऱ्याच्याही तो लक्षात राहत नाही. तिथे तपकिरी डागाची सरळ रेघ होती. काकांनी सीटच्या रुळाखाली बोट घातलं, निघालेली माती चिमटीत चोळली आणि नाकाजवळ नेली. आपली कातळावरची माती लाल असते, हाताला खरखरीत लागते. ही राखेच्या रंगाची होती, पिठासारखी. "नदीचा गाळ," ते म्हणाले. "पुरानंतर बहिणीचं घर धुवून काढलंय मी. हा वास नाय चुकणार."

मग जो प्रश्न कोणीही विचारेल तो मी विचारला. वीस वर्षांचा ड्रायव्हर, घेताना खाली वाकून बघितलं कसं नाही?

चाचांनी ओढलेला पट्टा हळूच परत आत सोडला. मग हळूहळू कळलं ते असं. शेडचा मालक म्हणजे त्यांच्या मुलीचं ज्या मुलाशी ठरलं होतं, त्याचा थोरला चुलता. लहानपणी वडील गेलेल्या त्या मुलाला त्यानेच वाढवलेलं. सौदा शेडमध्ये नाही, त्यांच्या घरच्या अंगणात झाला. सरबत आलं, खिडकीतून बायका बघत होत्या. गाडी अंगणात उभी होती आणि चाचांनी तिच्यावरून फक्त हात फिरवला.

"त्यांच्या दारात गाडीखाली डोकं घालायचं म्हणजे त्यांना तोंडावर खोटा म्हणायचं, मॅडम. पोरगी त्या घरात जायची हाय."

आमच्या किनाऱ्यावर ही चूक फार जणांकडून झालेली मी पाहिली आहे, हिंदूंत आणि मुसलमानांत सारखीच. परक्याकडून घ्यायचं तर माणूस चाकाचा नटही तपासतो. सोयऱ्याकडून घेताना मान वर ठेवतो.

चाचांना जबाब द्यायचा नव्हता. मीही आग्रह केला नाही. उलट त्यांना ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत नेलं. तिथे जप्त केलेल्या गाड्या उभ्या असतात. टायर जमिनीत रुतलेले, बॉनेटमधून गवत वर आलेलं. गुन्हा दाखल झाला तर तुमची गाडी मुद्देमाल म्हणून इथे येईल, हे मी स्पष्ट सांगितलं. तक्रार केली तर मुलीचं लग्न धोक्यात आणि गाडीही गेली. नाही केली तर पोट या खराब गाडीवर. ते गेल्यावर काका म्हणाले, "मॅडम, फिर्यादी पळवून लावायचं ट्रेनिंग नाशिकच्या अकादमीत देतात काय?"

फिर्यादी नव्हता, पण चेसिस नंबर होता. मी विमा कंपनीला पत्र लिहिलं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. पंचनाम्याच्या मराठीत मी 'सदर' आणि 'उपरोक्त' यांत अडखळायची आणि काका न हसता दुरुस्त करायचे. हे एकच पत्र इंग्रजीत होतं, ते मी त्यांना वाचून दाखवलं. आठ दिवसांत उत्तर आलं. ती गाडी पुरात पूर्ण निकामी झाल्याची नोंद होती. कंपनीने ती भंगार म्हणून लिलावात काढली होती.

आता चौकशीला आधार मिळाला. चाचा एवढ्याला तयार झाले, की विचारून बघू, लिहायचं नंतर ठरवू. त्यांच्याच गाडीतून आम्ही मिरजोळ्याला गेलो. शेडमागे तीन गाड्या दारं उघडून उभ्या होत्या आणि सीट उन्हात उलट्या घातल्या होत्या, गाद्या वाळत घालाव्यात तशा. मालक शांत, बोलण्यात अदबशीर. ठाण्यात यायलाही त्याने खळखळ केली नाही, पुढच्या सीटवर बसला. दुपारचं ऊन होतं. चाचांनी एसीला हात लावला, तसा मालकाने तो झटकन बंद केला आणि काच खाली केली. मागे बसून मी तेवढंच टिपलं.

ठाण्यात त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मी गप्प बसले. लोकांना वाटतं, हे पोलिसी तंत्र. माझा तो स्वभाव आहे. अनोळखी माणसापुढे मला पटकन शब्द सुचत नाहीत. प्रशिक्षणात हाच माझा दोष म्हणून लिहिला गेला होता. पण समोरचा गप्प असला की माणूस ती पोकळी स्वतःच भरू लागतो. मालकाने आधी धंदा सांगितला, मग ओळखी, मग आणखी मोठ्या ओळखी. तो थकल्यावर मी विमा कंपनीचं पत्र टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "येताना एसी का बंद केलात?"

त्याने पत्र वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी साधं बॉनेट उघडलं नाही."

कबुली मिळाली. पाठोपाठ प्रस्तावही आला. गाडी आजच्या आज परत घेतो, बदल्यात दुसरी चांगली देतो, घरातली गोष्ट घरात राहील. काकांनी माझ्याकडे पाहिलं. प्रकरण तिथेच मिटवणं सोपं होतं, आणि खरं सांगायचं तर चाचांसाठी मलाही ते बरं वाटलं.

मी बाहेर आले. वडील जेवायला आले नाहीत म्हणून चाचांची मुलगी शोधत ठाण्यात आली होती. बाकावर त्यांच्याशेजारी बसून ती हळू बोलत होती. आवाज मी ओळखला. मी प्रस्ताव सांगितला. ती वडिलांकडे वळली.

"अब्बा, इथे फोन मी केला होता."

तिच्या होणाऱ्या नवऱ्याने बोलता बोलता शेडमधलं काम तिला सांगितलं होतं, हसत. तोवर गाडी घरी आलेली होती. फोन करताना आपलं ठरलेलं लग्न पणाला लागतंय, हे तिला माहीत होतं. हे तिने रडत सांगितलं नाही. पत्ता सांगावा तसं सांगितलं.

चाचा उठले आणि सरळ आत गेले. व्याह्यासमोर उभे राहिले.

"मी गाडी परत दिली तर तुम्ही तिचं काय करणार?"

"ते माझं मी बघीन."

"म्हणजे पुन्हा धुणार. मग रत्नागिरीतलाच कोण तरी पोरांना घेऊन बसणार तिच्यात, आणि घाटात ब्रेक लागणार नाय." मग ते माझ्याकडे वळले. "गाडी माझ्याकडेच ऱ्हाईल. मॅडम, लिहा."

जबाब चार पानांचा झाला. त्याच दिवशी शेडचा पंचनामा केला, तीन गाड्या जप्त केल्या. बातमी पसरली तसे आणखी दोन खरेदीदार पुढे आले. दोघेही मालकाचे लांबचे नातेवाईक, दोघांनीही खाली वाकून बघितलेलं नव्हतं. दोषारोपपत्र मुदतीत न्यायालयात गेलं. चाचांची गाडीही जप्तीत आली, पण ती ठाण्यामागे रुतू द्यायची नाही, हे मी मनाशी ठरवलं होतं. फोटो, पंचनामा, तज्ज्ञाचा अहवाल, सगळं मागे लागून करून घेतलं, आणि काही आठवड्यांत न्यायालयाने ती सुपुर्दनाम्यावर, म्हणजे बोलावलं की हजर करू अशा हमीवर, त्यांना परत दिली. अट होती, की खटला संपेपर्यंत गाडी विकायची नाही. चाचा हसले. म्हणाले, ही अट मीच घालणार होतो.

सोयरीक आठवड्याच्या आत मोडली. त्या बाजूने मोडली. मुलगी पुढे शिकते आहे. चाचांनी गाडी घराच्या आवारात पार सांगाडा होईपर्यंत उघडली आणि महिनाभर खपून सगळी वायरिंग स्वतः बदलली. तरी तिच्यात त्यांनी एकही पर्यटक बसवला नाही. धंद्यासाठी ते पुन्हा दुसऱ्याची गाडी चालवू लागले.

फसवणुकीची व्याख्या मी कायद्याच्या पुस्तकातून पाठ केली होती, आणि परीक्षेत तिच्यावर चांगले गुणही मिळवले होते. पण आपल्याकडे आलेली फसवणूक पुढच्या माणसाकडे ढकलायची की स्वतःच्या दारात थांबवायची, यावर त्या पुस्तकात एक ओळही नाही. ती मला मांडवीच्या एका ड्रायव्हरने शिकवली, आणि ती लिहून घेणारा हात माझा होता.