कडूवहिनींचा बापूसाहेब

आमच्या थोरल्या वहिनी कडूबाई. रेडिओवर त्यांच्याएवढा जीव टाकणारं माणूस पुणतांब्यात दुसरं नव्हतं. रेडिओवर म्हणजे काय, एकाच माणसावर! एक्काहत्तर सालची गोष्ट. दर बुधवारी संध्याकाळी एक श्रुतिका लागायची, तिच्यात बापूसाहेब नावाचा गुप्तहेर. विचारात पडला की हा अडकित्त्यानं सुपारी कातरायचा. कट्ट, कट्ट. स्वतः मात्र खायचा नाही, दात दुखायचे, समोरच्याला द्यायचा. चोर असला तरी आधी विचारायचा, "जेवलात का?" आणि एवढा धीराचा गडी, पण कुत्रं भुंकलं की खुर्चीवर चढायचा!

तिथं हसता हसता वहिनी हमखास भाकरी करपवायच्या. "लई गुणाचा हाय बघा, भावजी. चोराला बी चारचौघांत चोर म्हनत न्हाई."

"दादांना सांगू का, वहिनी?"

"सांगा की! त्यांनी कदी विचारलंय का मला, जेवलीस का म्हनून?"

बाजेवर पडलेले दादा उगाच खोकले.

त्याच साली शेजारच्या रतनबाईंची नथ हरवली. लेक दोन दिवसांपूर्वीच राहात्याला सासरी गेलेली. घरात बाहेरून आलेली उरली एकटी सून, चांगुणा. मग आळ दुसऱ्या कुणावर येणार? "उद्या हिच्या भावाला बोलावते आन् लावून देते माहेरी. कायमची!" रतनबाई कडाडत होत्या. अंगणात ही गर्दी. चांगुणा गोठ्याच्या कुडाला टेकून उभी.

वहिनी उठल्या, दादांच्या चंचीतून अडकित्ता काढला आणि निघाल्या. मीही मागोमाग, असा खेळ कोण चुकवतो?

"काय तमाशा लागलाय का हितं? जावा घरी," म्हणून त्यांनी आधी गर्दी पांगवली. मग उंबऱ्यावर बसल्या. कट्ट, कट्ट.

"चांगुणा, जेवलीस का गं?"

तोवर कोरड्या डोळ्यांनी उभी असलेली पोर एकदम हुंदके देऊन रडायला लागली.

"कालपास्नं न्हाई," रतनबाईच पुटपुटल्या.

वहिनींनी त्यांच्या हातावर सुपारीचं खांड ठेवलं. "आक्का, नथ ठेवली कुठं हुती?"

"गव्हाच्या मडक्यात. आख्खं मडकं पालथं घातलं मी, दानान् दाना बगितला."

"मडकं भरलेलं हुतं?"

"न्हाई, कमी झाल्तं. लेकीची ओटी त्यातनंच भरली न्हवं का. सांज झाल्ती, डोळ्याला पानी, दिसतंय कुठं..."

रतनबाई तिथंच थांबल्या. अडकित्ताही थांबला.

चांगुणाचा नवरा कानिफनाथ, त्यानं लगेच सायकल काढली आणि राहाता गाठलं. बहिणीनं ओटीचे गहू बांधलेला खण अजून सोडलाच नव्हता. गाठ सोडली, तर गव्हात नथ!

"घरातच सापडली म्हना," वहिनींनी रतनबाईंना सुचवलं. "बापूसाहेब असंच झाकून नेतो." पण रतनबाईही मोठ्या मनाच्या. साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा बोलल्या, "चुकी माजी हुती. माजी सून सोनं हाय." आणि चांगुणाला शेजारी बसवून जेवू घातलं.

पुढच्या बुधवारी सासू-सून दोघी आमच्या चुलीपाशी हजर. रेडिओत अडकित्ता वाजला तशी चांगुणा हळूच म्हणाली, "कडूआत्या, ह्यो मानूस खरा असंल का वो?"

"खरा न्हाई कसा? कुत्र्याला भितो की!" वहिनी म्हणाल्या, आणि तव्यावरची भाकरी करपली.