कुठली माउली, ते मी सांगितलं नाही

मी शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे गेवराईहून हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पायी जायचं ठरलं, तेव्हा रस्ता आखायचं काम आपसूकच माझ्या गळ्यात पडलं. आम्ही बावीस जण, सगळे आमच्या छोट्या चर्चमधले. उमापूर, शेवगाव, नेवासा, श्रीरामपूर आणि तिथून हरेगाव. कागदावर सगळं सोपं होतं, अडत होतं ते मुक्कामाचं.

यात्रेच्या महिनाभर आधी मी मोटारसायकल काढून जागा बघायला निघालो. पहिल्या गावात सरळ सांगितलं की आम्ही ख्रिस्ती आहोत, मारियामातेच्या यात्रेला चाललोय. समोरचा गृहस्थ अगदी नम्रपणे म्हणाला, "इचारून सांगतो." त्याचं विचारून होणं अजून बाकी आहे.

उमापूरच्या पुढच्या एका गावात रस्त्याला लागूनच एका शेतकऱ्याचं मोठं पत्र्याचं शेड होतं. त्यानं विचारलं, "दिंडी कोनाची म्हनायची?"

"माउलीची," मी म्हणालो.

तसं हे खोटं नव्हतं. मतमाउलीला आम्ही माउलीच म्हणतो. पण त्यानं लगेच हात जोडले, आणि त्याच्या मनात आळंदीची माउली आली आहे हे मला कळलं. मी गप्प बसलो.

"लई भाग्य आमचं," तो म्हणाला. "जेवनाची काळजी करू नका तुमी."

घरी येऊन मी ही हुशारी रंगवून सांगितली. सगळे हसले, आत्या तेवढी हसली नाही. सत्तरी ओलांडलेली माझी आत्या मतमाउलीची तसबीर छातीशी धरून हरेगावपर्यंत चालणार होती. सलग तीन वर्षं असं चालायचं, हा तिचा नवस.

"त्या गावात तेवढी तसबीर पिशवीत ठेव," मी तिला म्हणालो.

"कावून?"

"एका रातीचंच तर हाय, आत्या."

तिनं पुढे वाद घातला नाही.

आम्ही त्या गावात पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. शेतकऱ्याची बायको ओवाळायचं ताट घेऊन रस्त्यावर उभी होती. घडीची साडी, ताटात फुलं, निरांजन. तिनं आमच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "पादुका कुटं हायती?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत्याचा हात पिशवीच्या बंदावर गेला आणि तिथंच थांबला. माझ्या होकाराची ती वाट बघत होती. त्या बाईनं आमच्या माउलीलाही ओवाळलं असतं, असं मला आज अगदी खात्रीनं वाटतं. तेव्हा मात्र मी म्हणालो, "मागनं येत्यात. गाडीत हायती."

ती तिथंच रस्त्याच्या कडेला बसून राहिली. आम्ही आत पिठलं-भाकरी जेवलो. मधूनमधून ती निरांजनात तेल घालताना दिसायची. माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण मी तिसरी भाकरीही घेतली. अंधार पडल्यावर ती उठली आणि आम्हालाच धीर देत म्हणाली, "सकाळी तर येतीलच की."

सकाळी उजाडायच्या आत आम्ही निघालो. घाई मीच केली. निरोप घ्यायलाही थांबलो नाही.

यंदा पुन्हा रस्ता आखायला बसलो. बैठकीत मी म्हणालो, तिकडचा रस्ता पार उखडलाय, वळसा घालून जाऊ, अकरा किलोमीटर वाढतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. रस्ता चांगला ठणठणीत आहे, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

सगळे गेल्यावर आत्या तेवढी मागं राहिली. आता तिला जिन्यावरून उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो.

"अकराच ना? चालंन मी," ती म्हणाली. "त्या बाईला तोंड दाखवायचं तुज्यानं व्हईना, तर मंग चालायलाच पायजे."

मी पेन्सिलीनं काढलेला तो वळसा पेनानं पक्का केला.