आधी चालतं ते सांगा

बडा बाजारातल्या आमच्या स्कूटर मेकॅनिकपुढे मी बिघाडांची क्रमवार यादी धरते. तो ती न वाचताच पालथी घालतो.

"भाभीजी, पहले बताइए, अच्छा क्या चल रहा है?"

एक तरी चांगली गोष्ट ऐकल्याशिवाय तो पाना उचलत नाही. ती सांगितली, की त्या भागाला हात जोडतो. मुलं शाळेतून यायच्या आत मला छावणीतल्या घरी पोचायचं असतं, मी चरफडते.

परवा यादीत ब्रेक सगळ्यात वर होता, आणि दुकानाजवळच्या उतारावर तो लागलाच नाही. हॉर्न दाबत मी थेट आत शिरले. तो बाकावर उडी मारून वाचला, चहा सांडला. मी यादी काढली.

"रहने दीजिए, आज मैं बताता हूँ. हॉर्न बढ़िया है."

हॉर्नला नमस्कार करून, काहीही न विचारता, त्याने ब्रेक खोलला.