ठोकेमामांनी काढलेले पोचे

ठोकेमामांचं खरं आडनाव निराळंच होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. दिवसभर गाड्यांचा पत्रा ठोकत बसणाऱ्या माणसाला लोकांनी ठोकेमामा म्हटलं आणि त्यांनीही ते हसून घेतलं. त्यांची शेड रस्त्याला लागूनच होती. वर तापलेलं पत्र्याचं छप्पर, खाली रंगाचे शिंतोडे उडून चितकबरी झालेली फरशी, आणि आत शिरताच डोक्यात जाणारा थिनरचा वास. पोचा आलेल्या पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरायचा, पुढून हातोडीचे हलके ठोके द्यायचे, पुट्टी भरायची, घासायचं, रंग मारायचा. शेवटी मामा डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायचे. हाताला काही लागलं नाही तरच गाडी बाहेर जायची. गाडी ठोकली होती हे मालकालाही आठवता कामा नये, असं ते म्हणत.

आईवडील लवकर गेले, त्यामुळे धाकट्या बहिणीला मामांनीच लहानाचं मोठं केलं, तिचं लग्नही त्यांनीच लावून दिलं. तिचा नवरा पशुखाद्याच्या कंपनीत विक्रीचं काम करायचा. शहराबाहेरच्या गोठ्यागोठ्यांवर गाडी घेऊन फिरायचा. माणूस मोठा लाघवी. मामांच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा इस्पितळातून हलला नाही, स्वतःचं रक्तही दिलं. मामा ते विसरले नव्हते. गिऱ्हाइकांबरोबर जेवायला बसलं की थोडी घ्यावीच लागते, धंद्याची रीतच आहे, असं तो सांगायचा. ‘थोडी’ किती, हे विचारायचा प्रसंग मामांवर आला नव्हता.

पहिल्यांदा गाडीचा मागचा दिवा फुटला. कुठल्याशा फाटकाचा खांब, म्हणे, आपण होऊन मागे आला. दोघेही हसले. दुसऱ्यांदा एका अंगाचे दोन्ही दरवाजे पुलाच्या कठड्याला घासून आले होते, आणि मेहुण्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास होता. बडीशेपेखाली दुसरा वास होता. धाकटीला कळू देऊ नका, उगाच जिवाला लावून घेते, असं त्याने हात धरून सांगितलं. मामा म्हणाले, भावोजी, पिऊन गाडी चालवत जाऊ नका.

"दादा, माझा हात बसलाय," तो म्हणाला. "दोन घोट पोटात गेले की उलट गाडी सरळ चालते."

मामांच्या मनात पाल चुकचुकली. पण त्यांनी हातातलं काम बाजूला सारलं आणि दिवस मावळायच्या आत दरवाजे नव्यासारखे करून दिले. पुढे पुढचा बंपर आला. मग आरसा. दर वेळी मामा जरा जास्त बोलायचे, आणि दर वेळी काम तितकंच बेमालूम करायचे.

एकदा मामा बहिणीकडे जेवायला गेले होते. वाढता वाढता धाकटी कौतुकाने म्हणाली, "एवढे फिरतात हे, पण गाडीवर साधा ओरखडा नाही." मेहुण्याने मामांकडे पाहून हळूच डोळा मारला.  मामा पाणी प्याले आणि त्यांनी विषय बदलला. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो, हे कळायचं त्यांचं वय होऊन गेलं होतं. तरी तोंड उघडलं नाही. तिचा संसार आपल्या शब्दाने का विस्कटावा, असं त्यांनी मनाला समजावलं.

थंडीचे दिवस होते. दुपारी उन्हं कलायला लागली आणि मेहुण्याची गाडी नेहमीसारखी दारात न थांबता थेट शेडच्या आत, पार मागच्या भिंतीपर्यंत गेली. गाडी ओली होती. नुकतीच धुतली होती. ज्या माणसाने जन्मात कधी काचेवर फडकं मारलं नाही, त्याने चाकं सुद्धा धुतली होती. बॉनेटवर रुंद पोचा होता आणि पुढच्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे.

"वासरू आडवं आलं," मेहुणा म्हणाला. त्याने आज बडीशेपही खाल्ली नव्हती.

मामांनी सवयीने पोच्यावर हात फिरवला. खांबाने पत्रा दुमडतो, दगडाने फाटतो. हा पोचा पसरट होता, मऊ, कडा नसलेला. वायपरच्या खाचेत काहीतरी अडकलं होतं. त्यांनी ते चिमटीत धरून ओढलं. तपकिरी लोकरीचा धागा, लांबच लांब निघत गेला.

"वासराला स्वेटर कुणी घातला होता, भावोजी?"

 थांबलो नाही, एवढंच मेहुणा बोलला. मग हात जोडून म्हणाला, नुसता पत्रा सरळ करा दादा, एवढ्या वेळेस. अपघात नेमका कुठे झाला ते मामांनी त्याच्याकडून काढून घेतलं, पोलिसांना फोन करून माणूस कुठे पडलाय ते कळवलं, गाडीची किल्ली खिशात टाकली आणि धाकटीला बोलावून घेतलं.

ती आली. गाडीभोवती एक फेरी मारली. मामांनी तिला सगळं सांगितलं. आजचं, आणि दिवा, दरवाजे, बंपर, आरसा, तेही.  नवऱ्याकडे न बघता ती मामांकडे वळली.

"पहिल्यांदाच मला का नाही सांगितलंस, दादा?"

 मग तिघं चालत पोलीस चौकीवर गेली.

तो माणूस बेकरीत भट्टीवर काम करायचा. पाळी संपवून सायकलवरून घरी चालला होता. पोलीस पोचायच्या आधी एका टँकरवाल्याने त्याला रस्त्याकडेच्या चरातून उचललं होतं, पण उशीर झाला होता. लगेच आणला असता तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. मेहुण्याला शिक्षा झाली. धाकटी एका शाळेत मदतनीस म्हणून लागली. आपल्या लहान मुलीला ती मामांकडे पाठवायची, स्वतः मात्र त्यांच्या घराची पायरी चढली नाही.

पुष्कळ दिवसांनी मामा धीर करून बेकरीतल्या त्या माणसाच्या घरी गेले. दोन खोल्या, बाहेर छोटंसं अंगण, भिंतीला टेकवलेली वाकडी सायकल. त्याच्या बायकोने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. कोण, कुठले, तिने विचारलं. मी गाड्यांचे पोचे काढतो, मामा म्हणाले. ते ऐकून तिचा चेहरा जरा उजळला. ही सायकल सरळ होईल का, तिने विचारलं. थोरल्या मुलाला कामावर जायला हवी होती.

मामा उठून सायकलीजवळ बसले. पुढचं चाक गेलं होतं, पण सांगाडा शाबूत होता. होण्यासारखं होतं. त्यांनी हात लावला नाही.

"आधी ऐकून घ्या, बाई," ते म्हणाले, आणि तिच्या नवऱ्याला धडकलेली गाडी कुणाची होती, त्या गाडीचे आधीचे पोचे कुणी काढले होते, ते त्यांनी तिला सांगितलं.

 सगळं ऐकून झाल्यावर ती पुढे आली, सायकल उचलली, आत नेली आणि दार लावून घेतलं.